एका सभेची गोष्ट

इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या भिंतीलगत, हाउसस्टेड्स नावाचं एक जुनं रोमन ठाणं आहे. १८८३ साली त्या ठाण्याजवळ लॅटिन लेख कोरलेल्या दगडी वेदी सापडल्या. लेख रोमनांच्या भाषेत होते, पण वेदी उभारणारे रोमन नव्हते. आम्ही जर्मानिक लोक, ट्विहांती, अशी स्वतःची ओळख त्यांनी दगडातच कोरून ठेवली आहे. आजच्या नेदरलँड्समधल्या ट्वेंटे या प्रदेशाच्या नावात ते लोक अजून ओळखू येतात. एका वेदीवर सम्राट सेव्हेरस अलेक्झांडरच्या नावाचा मान मिरवणाऱ्या फ्रिसियन तुकडीचा उल्लेख आहे, त्यामुळे काळही ठरवता येतो : इ. स. २२२ ते २३५. समुद्रापलीकडच्या परक्या सीमेवर पहारा देणाऱ्या या सैनिकांनी नवस फेडला होता तो ‘मार्स थिंक्सस’ या देवाला.

मार्स हा रोमनांचा युद्धदेव. थिंक्सस हे बिरुद मात्र लॅटिन नव्हतं. पुढच्याच वर्षी विल्हेल्म शेरर या जर्मन अभ्यासकानं त्याचा उलगडा मांडला. थिंक्सस म्हणजे ‘थिंग’चा देव, आणि थिंग म्हणजे स्वतंत्र माणसांनी ठरल्या दिवशी एकत्र येऊन न्यायनिवाडा करण्याची सभा. रोमच्या चाकरीत असलेल्या त्या माणसांनी आपल्या गावाकडची सभा आणि तिचा रक्षणकर्ता देव दोन्ही सोबत नेले होते.

आज इंग्रजीत ‘थिंग’ म्हणजे वस्तू. कुठलीही, निनावी, हाताशी पडलेली. जर्मनमध्ये ‘डिंग’ तसंच. ज्या नावानं देवाला साक्षी ठेवून भरणारी लोकसभा ओळखली जाई, ते नाव बाजारातल्या कुठल्याही जिनसेला लागू व्हावं, हा बदल साधा नाही. तो कसा घडला आणि कुठे घडूनही मूळ अर्थ शाबूत राहिला, हे पाहत गेलं की उत्तर युरोपातल्या लोकांनी आपला कारभार आपण चालवण्याचा अधिकार कसा वापरला, कसा गमावला आणि कुठे परत मिळवला, याचाच इतिहास उलगडत जातो.

तारकाचिन्हामागची भाषा

इंग्रजी, जर्मन आणि त्यांच्या बहीणभाषांची आई म्हणजे आद्य-जर्मानिक. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी डेन्मार्क, दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि जर्मनीचा उत्तर किनारा या पट्ट्यात ती बोलली जात होती. तिच्यात लिहिलेला एकही ग्रंथ नाही. तरीही तिचे शब्द सांगता येतात, कारण तिच्या लेकींनी ते जपले. जुन्या नॉर्स, जुन्या इंग्रजी, जुन्या सॅक्सन आणि जुन्या फ्रिसियन भाषेत ‘थिंग’, जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘डिंग’, इटलीत उतरलेल्या लाँगोबार्ड लोकांत ‘थिंक्स’. ही रूपं शेजारी ठेवली की त्यांच्या मागचं एक रूप दिसू लागतं : *थिंगं. सुरुवातीचं तारकाचिन्ह सांगतं की हा शब्द लिहिलेला कुठे सापडलेला नाही, तो तुलनेनं उभा केलेला आहे.

अशी तुलना करण्याची शिस्त ज्यांनी घालून दिली त्यांच्यात रासमुस रास्क हे नाव फार वरचं आहे. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर जन्मलेला हा माणूस १८१३ ते १८१५ आइसलँडमध्ये राहिला, तिथली भाषा त्यानं मन लावून आत्मसात केली, आणि १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नॉर्स, ग्रीक आणि लॅटिन शब्दांतली व्यंजनं कशी ठराविक रीतीनं जुळतात हे दाखवलं. पुढे भाषांच्याच शोधात रशिया आणि इराण ओलांडून तो १८२० साली मुंबईत पोहोचला. इथल्या पारशी विद्वानांच्या सहवासात त्यानं अवेस्ताचा अभ्यास केला आणि मिळवलेली हस्तलिखितं कोपनहेगनला नेली. आइसलँडच्या थिंगची भाषा आणि मुंबईच्या अग्यारीतली भाषा एकाच मोठ्या कुटुंबातल्या आहेत, हे ज्याला प्रत्यक्ष अभ्यासातून दिसलं असा तो माणूस होता.

१८२२ साली याकोब ग्रिम यांनी या जुळण्यांना पूर्ण नियमाचं रूप दिलं. त्यातला एक धागा मराठी वाचकाला लगेच हाती लागेल. संस्कृतात जिथे ‘त’ आहे तिथे इंग्रजीत ‘थ’ येतो. त्रि आणि थ्री, तृषा आणि थर्स्ट, तनु आणि थिन. ‘तनु’ म्हणजे ताणून बारीक झालेलं. तनु, तंतू, तान ही सगळी ‘तन्’ या एकाच धातूची प्रजा. थिंगच्या मुळाशी *तेंक् हा ‘ताणणे, लांबवणे’ अशा अर्थाचा धातू मानला जातो, आणि बरेच भाषाशास्त्रज्ञ त्याला याच ‘तन्’च्या घरातली वाढलेली फांदी समजतात.

मात्र नियमानं *तेंक् मधल्या ‘क’चा ‘ह’ व्हायला हवा होता. थिंगमध्ये ‘ग’ कुठून आला? असे अपवाद पुष्कळ होते आणि अर्धशतक ते अभ्यासकांना छळत राहिले. कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकानं १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याचं उत्तर दिलं, आणि ते उत्तर वेदांच्या स्वरांकनात सापडलं होतं. वेदात ‘भ्रातृ’चा आघात पहिल्या अक्षरावर, ‘पितृ’चा शेवटच्या. जर्मानिक भाषांत नेमक्या याच फरकानुसार व्यंजनं दोन वाटांनी गेलेली दिसतात. आघात नंतरच्या अक्षरावर असला की आधीचं व्यंजन मृदू होतं. थिंगचा ‘ग’ त्या वाटेचा, आणि त्याच धातूपासून आलेला गॉथिक शब्द ‘थीहस्’ दुसऱ्या वाटेचा. त्यात ‘ह’ जसाच्या तसा आहे. आपल्या वैदिक पाठकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ जपलेले उदात्त-अनुदात्त स्वर उत्तर समुद्राकाठच्या शब्दाचं कोडं सोडवायला उपयोगी पडले, ही भाषाशास्त्राच्या इतिहासातली अभिमानानं सांगावी अशी घटना आहे.

तो गॉथिक ‘थीहस्’ आणखी एका कारणानं मोलाचा. चौथ्या शतकात वुल्फिलानं केलेल्या बायबलच्या भाषांतरात तो आढळतो, आणि त्याचा अर्थ आहे ‘काळ’. म्हणजे थिंग हा आधी काळाचा शब्द : लांबलेला काळ, मग ठरवलेला काळ, मग ठरल्या वेळी भरणारी सभा. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. ‘उद्या कोर्टात तारीख आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा तारीख म्हणजे दिवस नसतो, त्या दिवशीची सुनावणी असते.

अमावास्या, पौर्णिमा आणि भाले

त्या सभेत घडत काय असे? सर्वांत जुनं सविस्तर वर्णन रोमन इतिहासकार टॅसिटसचं आहे. इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘जर्मानिया’ या ग्रंथात त्यानं सभेला लॅटिन नाव दिलं आहे, पण चित्र थिंगचंच आहे. किरकोळ बाबी मुखिया ठरवत, मोठ्या बाबी सर्वांपुढे येत. सभा ठरल्या दिवशी भरे, अमावास्येला किंवा पौर्णिमेला. हे लोक दिवस मोजत नसत, रात्री मोजत. बोलावलं की लगेच सगळे हजर, असं कधी होत नसे. लोक जमेपर्यंत दोन-तीन दिवस जात, आणि टॅसिटसच्या मते हा स्वातंत्र्यातूनच आलेला दोष होता. लोक शस्त्रं घेऊन बसत. शांतता राखण्याचा अधिकार पुजाऱ्यांचा. बोलणाऱ्याचं वजन त्याच्या वयानं, कुळानं, पराक्रमानं आणि वक्तृत्वानं ठरे; हुकूम सोडण्याच्या अधिकारापेक्षा समजावून पटवण्याची ताकद मोठी मानली जाई. म्हणणं पटलं नाही तर लोक गलका करून ते उडवून लावत, पटलं तर भाले आपटत.

याच सभेपुढे खटले चालत. देशद्रोह्यांना आणि पळपुट्यांना झाडाला टांगत. हलक्या गुन्ह्यांना घोडे किंवा गुरं असा दंड. दंडाचा काही भाग राजाला किंवा जमातीला, काही ज्याचं नुकसान झालं त्याला किंवा त्याच्या नातेवाइकांना.

भाले आपटण्याची ती रीत शब्दांतही उरली. इंग्लंडच्या ज्या भागात डेन लोकांची वस्ती झाली तिथल्या यॉर्कशर, लिंकनशर या परगण्यांच्या पोटविभागांना ‘वापेनटेक’ म्हणत. हा नॉर्स शब्द आहे, त्याचा अर्थ ‘शस्त्र घेणं’, आणि त्यामागे सभेतली हत्यारं उचलून दिलेली संमती आहे. उत्तर इटलीत राज्य करणाऱ्या लाँगोबार्ड लोकांचा राजा रोथारी यानं ६४३ साली आपल्या लोकांचा कायदा लॅटिनमध्ये लिहवून घेतला, तेव्हा तो ‘गाइरेथिंक्स’नं, म्हणजे भाल्यांच्या थिंगनं, पक्का केल्याची नोंद शेवटी करवली. राजाचा कायदा झाला तरी जमलेल्या सशस्त्र लोकांच्या संमतीवाचून तो पुरा होत नव्हता.

त्याच कायद्यात अर्थ सरकू लागल्याच्या खुणाही आहेत. सभेसमोर विधिपूर्वक केलेल्या दानालाच तिथे ‘थिंक्स’ म्हटलं आहे, आणि त्यावरून ‘थिंगारे’ असं लॅटिन वळणाचं क्रियापदही घडवलं आहे. सभेचं नाव सभेत होणाऱ्या कामाला लागलं होतं.

राजांचा काळ

राज्यं मोठी होत गेली तशी ही सभा आखडत गेली. फ्रँकांच्या विस्तीर्ण राज्यात प्रत्येक थिंगला हजर राहणं गरीब शेतकऱ्यांना जड जाई. गैरहजेरीचा दंड भरता भरता ते बुडत. आठव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा राजा शार्लमेन यानं सक्तीची हजेरी वर्षातून तीन सभांपुरती ठेवली आणि एरवीचा निवाडा नेमलेल्या पंचांकडे सोपवला. गरिबांना दिलासा मिळाला. पण निवाडा करणारे आता मोजके झाले आणि बाकीचे फक्त येऊन बसणारे. जर्मन प्रदेशात ‘डिंग’ हे न्यायालयाचं नाव म्हणून पुढे शतकानुशतकं चाललं, तरी त्यामागचा जमलेला लोकसमुदाय मागे पडला.

इंग्लंडमध्ये ही वाट आणखी लवकर सुरू झाली. सातव्या शतकातल्या केंटच्या राजांच्या कायद्यात ‘थिंग’ हा शब्द सभेच्या अर्थानं आलेला आहे. पण जुन्या इंग्रजीत सभेला ‘गेमोट’ हा दुसरा शब्द रुळला आणि थिंगकडे उरलं ते सभेपुढचं प्रकरण, मग कुठलंही प्रकरण, मग कुठलीही बाब, आणि अखेर कुठलीही वस्तू. नॉर्स लोकांनी आणलेला थिंग मात्र वेगळ्या वेषात इंग्रजीत शिरला. राजाच्या किंवा सरदाराच्या घरातल्या सल्लागारांच्या बैठकीला ते ‘हूसथिंग’, घरातली सभा, म्हणत. त्याचं ‘हस्टिंग’ झालं आणि लंडन शहराच्या एका जुन्या न्यायालयाला ते नाव मिळालं. पुढे निवडणुकीतल्या उमेदवारांच्या व्यासपीठाला ‘हस्टिंग्ज’ म्हणू लागले. १८७२ साली ब्रिटनमध्ये गुप्त मतदान आलं आणि त्या व्यासपीठांची गरज संपली, पण शब्द प्रचाराच्या अर्थानं टिकला. भारतातल्या इंग्रजी वृत्तपत्रांत निवडणुकीच्या दिवसांत तो अजूनही मथळ्यांत दिसतो.

थिंगवेट्लिर

ज्या बेटावर राजाच नव्हता तिथे थिंगचा सर्वांत मोठा प्रयोग झाला. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेतून आणि ब्रिटिश बेटांवरून लोक आइसलँडला जाऊन वसले. साठ-एक वर्षांत बेट भरलं आणि सर्वांसाठी एक कायदा हवा झाला. बाराव्या शतकात आरी या विद्वान पाद्र्यानं लिहिलेल्या छोट्याशा इतिहासात ही हकिकत आहे. उल्फल्योत नावाच्या माणसानं नॉर्वेहून कायदा आणला, आणि त्याच्या मानलेल्या भावानं सभेची जागा शोधत सारं बेट पालथं घातलं. निवडलेल्या जागेचा मालक एका गुलामाच्या खुनात दोषी ठरला होता, त्यामुळे ती जमीन सर्वांची झाली होती. इ. स. ९३० च्या सुमारास तिथे सगळ्या बेटाची सभा, ‘आल्थिंग’, भरू लागली. जागेचं नाव पडलं थिंगवेट्लिर, थिंगची मैदानं. काळ्या खडकाची उभी भिंत, खाली नदी आणि सरोवर, आणि सरपणाला जवळच झाडी. युरेशिया आणि उत्तर अमेरिका हे दोन भूपट्ट जिथे एकमेकांपासून सरकत आहेत त्याच भेगेत ही मैदानं आहेत.

दर उन्हाळ्यात दोन आठवडे लोक घोड्यांवरून इथे येत. कायदा लिहिलेला नव्हता. तीन वर्षांसाठी निवडलेला ‘कायदा सांगणारा’ कायद्याच्या खडकाशी उभा राहून दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणे, म्हणजे त्याच्या मुदतीत सगळा कायदा एकदा लोकांच्या कानांवर जाई. पुढे बेटाचे चार भाग पाडून प्रत्येकाला न्यायालय दिलं गेलं, आणि अकराव्या शतकाच्या आरंभी अडलेले खटले सोडवायला पाचवं. निकाल लागे, पण तो अमलात आणायला ना शिपाई होते ना तुरुंग. सर्वांत कडक शिक्षा म्हणजे कायद्याबाहेर टाकणं. अशा माणसाला आसरा देणं गुन्हा, आणि त्याला मारणं गुन्हा नव्हे.

या सभेची कसोटी इ. स. १००० च्या सुमारास लागली. बेटावर एक पक्ष ख्रिस्ती झाला होता, दुसरा जुन्या देवांचा होता, आणि दोघांनी एकमेकांचा कायदा मानायचं नाकारलं. निर्णय तेव्हाच्या कायदा सांगणाऱ्यावर, थोर्गेइरवर, सोपवण्यात आला. तो स्वतः जुन्या धर्माचा होता. आरी सांगतो की तो पांघरूण घेऊन एक दिवस आणि एक रात्र न बोलता पडून राहिला, आणि उठून त्यानं सर्वांना कायद्याच्या खडकाशी बोलावलं. कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल, असं त्यानं समजावलं. सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा, पण घोड्याचं मांस खाणं आणि नको असलेलं मूल उघड्यावर टाकणं याविषयीचा जुना कायदा तूर्त राहील, आणि गुपचूप केलेल्या पूजेला शिक्षा नसेल, असा त्याचा निवाडा होता. दोन्ही पक्षांनी तो मानला. धर्मासाठी युरोपात पुढे किती रक्त सांडलं हे आठवलं की त्या दोन दिवसांचं मोल कळतं.

हे सारं सोज्वळ नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. सत्ता ‘गोदी’ म्हणवणाऱ्या मोजक्या मुखियांच्या हाती होती. गुलामांना तिथे आवाज नव्हता, स्त्रियांना मत नव्हतं. तेराव्या शतकात याच मुखियांच्या आपसांतल्या लढायांनी बेट पोखरलं आणि १२६२ ते १२६४ या काळात आइसलँडनं नॉर्वेच्या राजाचं स्वामित्व पत्करलं. त्यानंतर आल्थिंग प्रामुख्यानं न्यायालय म्हणून उरली. सोळाव्या शतकातल्या कठोर कायद्यानंतर याच मैदानांतल्या नदीच्या एका डोहात दोषी ठरलेल्या स्त्रियांना बुडवून मारलं जाई. १७९८ साली इथे शेवटची सभा भरली आणि १८०० साली डेन्मार्कच्या राजानं ती बंदच केली.

सभेची वस्तू कशी झाली

सभा, सभेतला खटला, खटल्याचा विषय, कुठलाही विषय, कुठलीही वस्तू. अर्थाचा हा प्रवास एकट्या थिंगनं केलेला नाही. लॅटिनमधल्या ‘काउझा’चा, म्हणजे खटल्याचा, इटालियनमध्ये ‘कोझा’ आणि फ्रेंचमध्ये ‘शोझ’ झाला, दोन्हींचा अर्थ वस्तू. जर्मन ‘झाखे’ आधी वाद होती, मग बाब झाली. मराठीही याला अपवाद नाही. गुरं जमतात तो गोष्ठ, त्यावरून माणसं जमतात ती गोष्ठी, मग तिथलं बोलणं, आणि त्यातून आपली ‘गोष्ट’. सांगायची ती गोष्ट, विचारात घ्यायची ती गोष्ट, आणि ‘चार गोष्टी आणायच्या आहेत’ म्हणताना वस्तूसुद्धा. गोठा आणि गोष्ट ही सख्खी भावंडं आहेत. माणसं एकत्र बसून ज्याच्याविषयी बोलतात ते त्यांच्या लेखी ‘काहीतरी’ ठरतं, असं या सगळ्या भाषा मिळून सांगतात.

नित्याच्या वापरात मात्र जुन्या सभेचे तुकडे सापडत राहतात. जर्मन भाषेत बचाव करणं म्हणजे ‘फेरटायडिगन’. ते आलं ‘तागेडिंग’ या शब्दावरून, म्हणजे ठरल्या दिवसाच्या सुनावणीवरून. अट या अर्थाचा जर्मन शब्द ‘बेडिंगुंग’ही डिंगच्याच पोटातला. डच न्यायालयात तातडीच्या दाव्याला ‘कोर्ट खेडिंग’ म्हणतात. जर्मनांचा मंगळवार ‘डीन्सटाग’ आहे, आणि तो त्या सैनिकांच्या मार्स थिंक्ससचाच वार समजला जातो.

स्कँडिनेव्हियात शब्दाला दोन्ही अर्थ राहिले, वस्तूही आणि सभाही, कारण तिथे सभा भरत राहिल्या. स्वीडन आणि नॉर्वेतल्या तालुक्याच्या न्यायालयांच्या नावात आजही ‘टिंग’ आहे. नॉर्वेनं १८१४ साली स्वतःचं संविधान केलं तेव्हा संसदेला नाव दिलं ‘स्टोर्टिंग’, मोठी थिंग. डेन्मार्कमध्ये १८४९ च्या संविधानानं ‘फोल्केटिंग’, लोकांची थिंग, आली. फेरो बेटांची संसद ‘लोग्टिंग’, कायद्याची थिंग. आइल ऑफ मॅनची ‘टिनवाल्ड’ म्हणजे थिंगवेट्लिरचंच दुसरं रूप. तिथे दर जुलैमध्ये एका पायऱ्यापायऱ्यांच्या टेकडीवर संसद उघड्यावर भरते आणि नव्या कायद्यांचा सारांश मँक्स आणि इंग्रजी भाषेत लोकांना ऐकवला जातो.

नऊ वर्षांच्या अंतरावर

विसाव्या शतकात या शब्दाचा वापर दोन अगदी उलट प्रकारे झाला. १९३३ नंतर जर्मनीत नाझी सत्तेनं प्राचीन सभेचा वारसा सांगत ‘थिंगष्टेटे’ नावाची खुली नाट्यगृहं बांधायला घेतली. शेकडोंची योजना होती, चाळीसएक उभी राहिली. हायडेलबर्गच्या टेकडीवरचं असं एक नाट्यगृह १९३५ साली प्रचारमंत्री गोबेल्सच्या हस्ते सुरू झालं. हजारो माणसं दगडी पायऱ्यांवर बसवून समूहगान आणि भाषणं ऐकवायची, एवढंच त्यांचं काम. गलका करून एखादं म्हणणं उडवून लावायचा अधिकार त्या पायऱ्यांवर कुणालाही नव्हता. काही वर्षांत तो सगळा खटाटोप बारगळला.

आइसलँडमध्ये १८४३ च्या राजाज्ञेनं आल्थिंग पुन्हा स्थापन झाली आणि १८४५ पासून रेक्याविकमध्ये भरू लागली. सुरुवातीला ती फक्त सल्ला देणारी होती. तिनं एकेक अधिकार मिळवत नेला. १९१५ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, आधी चाळिशी ओलांडलेल्यांना, आणि १९२२ साली इंगिब्योर्ग ब्यार्नासन ही पहिली स्त्री आल्थिंगमध्ये निवडून आली. मे १९४४ मध्ये लोकांनी मतदान करून डेन्मार्कशी असलेलं नातं संपवायचा निर्णय जवळजवळ एकमतानं दिला, आणि १७ जून १९४४ रोजी, भर पावसात, थिंगवेट्लिरच्या मैदानात आल्थिंगची बैठक भरून प्रजासत्ताक जाहीर झालं.

हायडेलबर्गला शब्द तोच होता, देखावाही भव्य होता, पण जमलेल्या माणसांना नाही म्हणायची सोय नव्हती. थिंगवेट्लिरला साडेआठशे वर्षांची आणि मग पंचेचाळीस वर्षांच्या खंडानंतरची शंभर वर्षांची बैठकांची सवय होती. ती सभा कित्येकदा दुबळी झाली, काही काळ क्रूरही झाली, पण ज्यांना आधी बाहेर ठेवलं होतं त्यांना आत घेत ती मोठी झाली. जुन्या शब्दात आपोआप कुठलीच शक्ती नसते. माणसं ठरल्या दिवशी खरोखर येतात का, एकमेकांचं ऐकून घेतात का, आणि न पटलेलं नाकारतात का, यावर त्याचा अर्थ ठरतो. जिथे हे चालू राहिलं तिथे थिंग म्हणजे अजून संसद आहे.